त्र्याहत्तरावं स्तोत्र आणि दुसऱ्याचं पॅकेज

बायबलमधली स्तोत्रं म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना एकच माहीत असतं. तेविसावं. तेसुद्धा कॉन्व्हेंट शाळेतल्या असेंब्लीमुळे, नाहीतर हॉलिवूडच्या कृपेने. पाऊस पडत असतो, काळे कोट, काळ्या छत्र्या, आणि पाद्रीबाबा मेंढपाळाच्या त्या ओळी म्हणत असतात. स्तोत्र सुंदर आहे, वाद नाही. पण त्यामुळे 'स्तोत्र' म्हणजे डोक्यावरून मायेने हात फिरवणारं काहीतरी, अशी समजूत होऊन बसते. त्यात भर म्हणजे व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या याद्या. झोप लागत नसेल तर अमुक स्तोत्र वाचा, इंटरव्ह्यूच्या आधी तमुक, कर्ज फिटत नसेल तर अजून एक. मेडिकलवाल्याच्या काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या मांडाव्यात तशी.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही, पण शनिवारची सकाळ आहे आणि दुसरा चहा झालाय) आपल्यासारख्या लोकांनी वाचायचं स्तोत्र त्याच्या बरोब्बर पन्नास नंबर पुढे आहे. त्र्याहत्तरावं. ते मत्सराबद्दल आहे. दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघून पोटात जे होतं, त्याबद्दल. आणि माणूस आतून बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, याची इतकी सरळ नोंद मला फार कमी ठिकाणी सापडली आहे. मी ख्रिस्ती नाही, ज्यू तर नाहीच. तरीही वर्षातून एकदा तरी, साधारण अप्रेझलच्या मोसमात, मी हे अठ्ठावीस ओळींचं स्तोत्र काढून वाचतो.

थोडी पार्श्वभूमी. मराठी बायबलमध्ये या पुस्तकाचं नाव 'स्तोत्रसंहिता'. एकूण १५० स्तोत्रं, पाच भागांत विभागलेली, आणि त्र्याहत्तरावं तिसऱ्या भागाच्या अगदी दारात उभं. नाव आसाफचं. आसाफ म्हणजे दावीद राजाने देवापुढे गायला नेमलेला लेवी गायक, झांजा वाजवणारा. बारा स्तोत्रं त्याच्या नावावर आहेत. सगळी त्यानेच रचली की त्याच्या गायक घराण्यातल्या पुढच्यांनी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपण सोयीसाठी आसाफ म्हणू. मराठीत बायबल एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. त्या १९२२ साली गेल्या आणि त्यांचं भाषांतर १९२४ साली छापून बाहेर आलं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता स्तोत्र. सुरुवात पाठ्यपुस्तकी आहे: देव निर्मळ मनाच्या लोकांचं भलं करतो. पहिली ओळ, विषय संपला. पण दुसऱ्याच ओळीत आसाफ म्हणतो की माझं सांगायचं तर माझा पाय घसरायच्याच बेतात होता. का? तर दुष्टांची भरभराट दिसली आणि हेवा वाटला.

मग पुढच्या आठ-नऊ ओळी तो त्या माणसांचं वर्णन करतो. काय वर्णन आहे! तब्येत ठणठणीत, अंगावर तुकतुकी. इतरांना जे कष्ट पडतात ते यांच्या वाट्यालाच नाहीत. गर्व हारासारखा गळ्यात, अत्याचार अंगरख्यासारखा अंगावर. खाऊन खाऊन डोळे बाहेर आलेले. तोंड थेट आभाळाला लावलेलं आणि जीभ जगभर फिरतेय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा मजकूर आहे, पण लिंक्डइन उघडून बघा, जीभ जगभर फिरताना दिसते की नाही.

हे वर्णन बारकाईने वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. इतके तपशील ज्याला माहीत आहेत, त्याने त्या लोकांकडे किती वेळ टक लावून बघितलं असेल? तिरस्कार वाटणाऱ्या माणसाकडे आपण एकदा बघतो आणि मान फिरवतो. हेवा वाटणाऱ्या माणसाची प्रोफाइल आपण रात्री साडेबाराला परत उघडतो.

आणि इथेच आसाफ मला मोठा वाटतो. कारण त्याला सोपी पळवाट होती. ही माणसं खरोखरच वाईट आहेत, जुलूम करतात. तो म्हणू शकला असता की मला हेवाबिवा काही नाही, माझा राग तत्त्वाचा आहे, मला अन्यायाची चीड आहे. आपण हेच म्हणतो. प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतो जो दुसऱ्याचं काम स्वतःच्या स्लाइडवर टाकतो आणि पुढच्या वर्षी ऑनसाइट जातो. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्येही होता. कँटीनमध्ये त्याच्यावर चर्चा झडायच्या, सगळ्या न्याय, मूल्यं, 'सिस्टिमच अशी आहे' या भाषेत. त्यातला किती भाग न्यायाचा आणि किती व्हिसाचा, हे तपासायला सोपी चाचणी आहे. तीच सीट उद्या मला मिळाली तर माझी न्यायबुद्धी तितकीच जागी राहील का? आसाफ ही चाचणी तिसऱ्याच ओळीत स्वतःवर लावतो आणि सरळ उत्तर लिहितो. मी जळत होतो. आधी हे, मग त्यांचा जुलूम. क्रम महत्त्वाचा आहे.

हिब्रू मूळ, उच्चार आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ शेजारीशेजारी देणाऱ्या साइट्स आता फुकट आहेत. लॉग फाइलमध्ये एखादा शब्द सर्च करावा तसं हे स्तोत्र एकदा चाळून बघा, मजा येते. 'अमाल' हा शब्द घ्या. अर्थ कष्ट, यातना, जिवाला होणारा त्रास. पाचव्या ओळीत आसाफ म्हणतो की त्या लोकांना अमाल नाही. आणि सोळाव्या ओळीत, हे सगळं कोडं डोक्यात उलगडून बघायला बसल्यावर, तो म्हणतो की तो विचारच मला अमाल झाला. म्हणजे ज्यांना त्रास नाही त्यांच्याबद्दल विचार करून करून त्रास याला. मत्सराचं याहून नेमकं वर्णन कुठल्या सेल्फ-हेल्प पुस्तकात असेल तर मला जरूर कळवा.

मधल्या ओळींत अजून एक ओळखीची गोष्ट आहे. आसाफ म्हणतो, मन स्वच्छ ठेवलं, हात धुऊन घेतले, सगळं फुकट गेलं. दिवसभर मार आणि रोज सकाळी उठून पुन्हा शिक्षा. इथे उघडं पडतं की पहिल्या ओळीतलं ते गोड वाक्य आसाफने करार म्हणून वाचलं होतं. मी निर्मळ राहीन, तू भलं कर. एका हाताने द्या, दुसऱ्या हाताने घ्या. आपल्यालाही लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं, फक्त करारातली दुसरी पार्टी बदलते. मन लावून अभ्यास करा, कष्ट करा, खोटं बोलू नका, फळ मिळेल. आणि मग पस्तिशीच्या आत कोणाचीतरी कंपनी शेअर बाजारात येते, कोणाच्यातरी नावावर भलतेच आकडे लागतात, आणि आपण ईमेलमधल्या साडेसहा टक्क्यांकडे बघत बसतो.

स्तोत्रांचे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगेमन यांनी स्तोत्रांची एक सोपी विभागणी केली होती: काही स्तोत्रांत जगाची घडी नीट बसलेली असते, काहींत ती विस्कटते, काहींत नव्याने बसते. त्र्याहत्तराव्यात तिन्ही अवस्था एकापाठोपाठ आहेत. गंमत म्हणजे 'खरोखर' अशा अर्थाचा एकच छोटा हिब्रू शब्द, 'आख', पहिल्या, तेराव्या आणि अठराव्या ओळीच्या सुरुवातीला येतो. खरोखर देव भला आहे. खरोखर माझं सगळं फुकट गेलं. खरोखर ती माणसं निसरड्यावर उभी आहेत. तिन्ही वेळा खात्री तेवढीच, आणि तिन्ही वेळा वेगळ्या गोष्टीची!

तेराव्या ओळीतला आसाफ अठराव्यापर्यंत पोचतो कसा? उत्तर सतराव्या ओळीत आहे आणि ते वाचून माझ्यातला इंजिनियर दर वेळी वैतागतो. तो म्हणतो, मी देवाच्या पवित्रस्थानात गेलो तोपर्यंत हे असं होतं. तिथे गेल्यावर त्यांचा शेवट समजला. बस. आत काय झालं? कोणी काही बोललं? दृष्टांत झाला? भजन ऐकलं, की नुसताच खांबाला टेकून बसला? एक अक्षर नाही. संपूर्ण बदलाचा कोड एका ओळीत आणि ती ओळ रिकामी.

सुरुवातीला मला ही त्रुटी वाटायची. आता वाटतं की स्तोत्रातली सगळ्यात शहाणी जागा हीच. पायऱ्या लिहून दिल्या असत्या तर आज त्याचं वर्कशॉप झालं असतं, लवासाला दोन दिवस, नाश्त्यासकट. मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञांनी तर म्हटलं आहे की इथे मंदिराची इमारत अभिप्रेतच नाही, हिब्रूत शब्द अनेकवचनी आहे, तो देवाच्या पवित्र गूढांत शिरल्याबद्दल बोलतोय. मला इमारतही चालेल. माझ्या लेखी महत्त्वाचं एवढंच की तो उठून दुसरीकडे गेला. सोळाव्या ओळीपर्यंत तो डोक्यानेच प्रश्न सोडवायच्या मागे होता आणि त्याचा अमाल झाला होता. जागा बदलल्यावर बघायचा कोन बदलला.

पुढच्या तीन ओळी प्रवचनकारांच्या आवडत्या: दुष्ट निसरड्या जागेवर आहेत, क्षणात कोसळतील, जाग आल्यावर स्वप्न विरावं तसे विरतील. यावरून सरसकट निष्कर्ष काढला जातो की बघा, शेवटी त्यांचं वाटोळं होणार आहे, तेव्हा निवांत राहा. मला हे वाचन पटत नाही. एक तर स्तोत्रात प्रत्यक्ष कोणाचंच वाटोळं झालेलं नाही. स्तोत्र संपतं तेव्हाही ती माणसं तशीच तुकतुकीत असणार. आणि दुसरं, दुसऱ्याच्या पडण्यावर उभी असलेली शांती म्हणजे मत्सराचंच पुढचं व्हर्जन. तोवर त्याचं सगळं लक्ष त्यांच्यावरच आहे, फक्त भरभराटीऐवजी ऱ्हासावर.

खरा बदल त्याच्यानंतर आहे. एकविसाव्या ओळीत 'ते' गायब होतात. आसाफ स्वतःकडे बघतो आणि म्हणतो, माझं मन कडवट झालं होतं, मी अडाणी होतो, तुझ्यापुढे निव्वळ जनावर होतो. शब्द 'बेहेमोत', बैलोबासारखं मोठं जनावर. आणि लगेच तेविसाव्या ओळीत: तरी मी सतत तुझ्याचजवळ आहे. आता इथे भाषांतरात हरवणारी एक गोष्ट आहे. बाविसावी ओळ ज्या शब्दावर संपते तो 'इम्माख', तुझ्याजवळ. आणि तेविसाव्या ओळीतही तोच 'इम्माख'. बहुतेक भाषांतरांत पहिल्यांदा 'तुझ्यापुढे' किंवा 'तुझ्या दृष्टीने' होतं आणि दुसऱ्यांदा 'तुझ्याजवळ', त्यामुळे जोड दिसत नाही. मुळात तो म्हणतोय की जनावर होतो तेव्हाही तुझ्याजवळच होतो. जळत होतो, हिशेब घालत होतो, दुसऱ्यांच्या पोटाचा घेर मोजत होतो, ते सगळं तुझ्याजवळ उभं राहूनच. आधी सुधारला आणि मग जवळ घेतला गेला, असा क्रमच नाही.

बूबर यांचं नाव वर आलं, त्यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्यांनी आणि फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२५ पासून हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणायला घेतलं. त्यांचा हट्ट असा की मुळात जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो भाषांतरातही तसाच पुन्हा पुन्हा यायला हवा, कारण त्या पुनरावृत्तीतच अर्थ दडलेला असतो. रोझेनझ्वाइग यांना १९२२ साली एएलएस झाल्याचं निदान झालं होतं. स्टीफन हॉकिंगमुळे आपल्याला माहीत असलेला, स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशींचा आजार. लिहिणं गेलं, मग बोलणं गेलं. पत्नी एडिथच्या मदतीने, एकेक अक्षर सुचवत ते काम करत राहिले. पंचेचाळीस मिनिटांचा कॉल म्यूटवर ऐकला तरी थकणाऱ्या माणसाने (म्हणजे मी) हे वाचून गप्प बसावं. डिसेंबर १९२९ मध्ये ते गेले, बेचाळिसाव्या वर्षी, भाषांतर अर्ध्यावर असताना. अंत्यविधीला भाषण नको ही त्यांची इच्छा होती. बूबर यांनी त्र्याहत्तरावं स्तोत्र वाचलं, बाकी काही नाही.

ज्या माणसाचं शरीर आठ वर्षं एकेक स्विच बंद करत गेलं त्याच्यासाठी हे स्तोत्र निवडलं गेलं, याचा मी बराच विचार केला आहे. सव्विसाव्या ओळीत आसाफ म्हणतो की शरीर खचेल, मनही खचेल. देव ते खचू देणार नाही असं तो म्हणत नाही. खचेल, आणि तरी.

राहिलेलं भाषांतर बूबर यांनी एकट्याने केलं. मध्ये जर्मनी सोडावी लागली, ज्या लोकांसाठी ते करायला घेतलं होतं त्यांतले बहुतेक मारले गेले. १९६१ साली जेरुसलेममध्ये काम पूर्ण झालं. बूबर १९६५ साली गेले, त्यांच्या थडग्यावर याच स्तोत्रातले, तेविसाव्या ओळीतले ते तीन हिब्रू शब्द कोरले आहेत. त्यांनी या स्तोत्रावर एक निबंधही लिहिला, १९५२ साली पुस्तकात आला. त्यात ते दाखवतात की 'लेवाव', म्हणजे हृदय, हा शब्द इथे सहा वेळा येतो. सर्च मारून बघा, भरतात. त्यांच्या मते सगळं कोडं तिथेच सुटतं: दुष्टांचं काय होतं यापेक्षा बघणाऱ्याच्या हृदयाची अवस्था काय, यावर त्याला काय दिसतं ते ठरतं.

अजून दोन शब्द. 'तोव', म्हणजे चांगलं, भलं. पहिल्या ओळीत आहे आणि थेट शेवटच्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत भलं म्हणजे देवाकडून मिळणारं काहीतरी. शेवटच्या ओळीत आसाफ म्हणतो, माझ्यापुरतं भलं म्हणजे देवाची जवळीक. व्हेरिएबलचं नाव तेच, टाइप बदलला. दुसरा शब्द 'हेलेक', वाटा. सव्विसाव्या ओळीत तो देवाला आपला वाटा म्हणतो. आसाफ लेवी होता, आणि लेवींना इस्राएलात जमिनीचा वाटा नव्हता. बाकी सगळ्या वंशांना वतन, यांच्या नावावर सातबारा नाही. यांचा वाटा म्हणजे देव, असं नियमशास्त्रातच लिहिलेलं. म्हणजे हे काही मोटिव्हेशनल वाक्य नाही, त्याच्या मालमत्तेचं विवरणपत्र आहे. इतके दिवस जो रकाना रिकामा वाटत होता, तो त्याने पुन्हा वाचला. (आणि ज्या निसरड्या जागांवर ती श्रीमंत माणसं उभी आहेत त्या शब्दाचीही मूळ अक्षरं तीच आहेत. हिब्रूत वाटा आणि घसरण इतके शेजारी!)

एक आक्षेप मला दिसतो, तुमच्याही मनात असेल. हे सगळं म्हणजे नाडलेल्या माणसाला गप्प करायची सोय नाही का? पगारवाढ मागू नकोस, जुलूम बघू नकोस, देवाची जवळीक घेऊन घरी जा? असा वापर होऊ शकतो आणि होतो, हे खरं आहे. 'पैशापेक्षा समाधान मोठं' हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ज्यांचं समाधान आणि पैसा दोन्ही झालेलं आहे अशांच्या तोंडून ऐकलं आहे. पण आसाफच्याच नावावरचं ब्याऐंशीवं स्तोत्र वाचा. तिथे देव न्यायाधीशांना उभं करून जाब विचारतो, गरिबाला, अनाथाला न्याय द्या म्हणून खडसावतो. एकाच नावाखाली दोन्ही स्तोत्रं आहेत. माझं वाचन असं की त्र्याहत्तराव्यातून गेल्याशिवाय ब्याऐंशीवं म्हणणाऱ्याचा आवाज थोडा संशयास्पद असतो. ज्याला दुसऱ्याच्या खुर्चीचा हेवा उरलेला नाही त्याने खुर्चीवाल्याला जाब विचारला तर तो जाब फक्त न्यायाचा असतो. त्या ऑनसाइट गेलेल्या माणसाबद्दल रीतसर तक्रार करायची असेल तर करावी, जरूर करावी. फक्त साडेबाराला त्याची प्रोफाइल उघडायची गरज पडू नये.

शेवटचा एक तपशील, जो मला सगळ्यात उशिरा दिसला. पंधराव्या ओळीत, ऐन कडवटपणात असताना, आसाफ म्हणतो की मी हे असं सांगत सुटलो असतो तर तुझ्या लेकरांचा घात झाला असता. म्हणजे त्या वेळी त्याने तोंड बंद ठेवलं. पोस्ट टाकली नाही. आणि अठ्ठाविसाव्या, शेवटच्या ओळीत तो म्हणतो की आता मी तुझी कृत्यं सांगेन. दोन्हीकडे 'सांगणं' याच अर्थाचं एकच क्रियापद आहे. पण त्याने जे सांगितलं, म्हणजे आपण वाचतो आहोत ते स्तोत्र, त्यात तेव्हा गिळलेलं सगळं जसंच्या तसं आहे. हेवा, फुटलेले डोळे, फुकट गेलेले धुतलेले हात, जनावर. नीट झाल्यावर त्याने मागची कमिट हिस्टरी साफ केली नाही, आणि मंदिरातल्या गायकांनीही ती तशीच, झांजांसकट, सगळ्यांसमोर गायला घेतली.